निळ्या डाळिंबांचा देव

निळ्या रंगाचे डाळिंब सांगोल्याच्या बागेत मिळणार नाही, की जगातल्या कुठल्याच बाजारात. बायबलमध्ये मात्र ते आहे. निर्गम या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात इस्राएलांच्या मुख्य याजकाचा झगा कसा असावा, हे देव मोशेला बारकाईने सांगतो. झग्याच्या खालच्या घेराला निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबे लावायची आणि दर दोन डाळिंबांमध्ये एक सोन्याचे घुंगरू. याजक पवित्रस्थानात जाता-येता त्या घुंगरांचा नाद व्हायला हवा. ज्याने लाल डाळिंब निर्माण केले, तोच इथे निळे मागतो आहे. निसर्गाची हुबेहूब नक्कल त्याला नको होती.

संडे स्कूलमध्ये देवाची ओळख झाली ती न्यायाधीश, राजा आणि मेंढपाळ म्हणून. तो कलावंत आहे, हे मला कुणी शिकवले नाही. ती ओळख वाचता वाचता झाली आणि आज माझ्या श्रद्धेला सर्वांत जवळची वाटते ती हीच.

त्याच पुस्तकात ३१व्या अध्यायात बसालेल भेटतो. यहूदा वंशातला हा कारागीर. ‘मी याला नाव घेऊन बोलावले आहे आणि माझ्या आत्म्याने भरले आहे’, अशा अर्थाचे शब्द देव त्याच्याविषयी बोलतो. देवाने आपल्या आत्म्याने भरलेला माणूस, असे बायबलमध्ये सर्वांत आधी ज्याच्याविषयी म्हटले आहे, तो ना राजा, ना संदेष्टा, ना याजक. सोने, चांदी, पितळ घडवणारा, खडे कोंदणात बसवणारा आणि लाकडावर कोरीव काम करणारा असा तो माणूस आहे. त्याच्या जोडीला दान वंशातला अहलियाब होता. दोघांना केवळ हुन्नर दिले नव्हते, ते इतरांना शिकवण्याची बुद्धीही दिली होती.

ही माणसे कुठून आली होती, तेही विसरू नये. कालपरवापर्यंत हे लोक मिसरात फारोसाठी विटा पाडत होते. गवत मिळेना तरी रोजच्या विटांचा आकडा कमी होत नव्हता आणि तो भरला नाही की पाठीवर फटके बसत होते. त्याच लोकांनी रानात शुद्ध सोन्याचा सात दिव्यांचा दीपवृक्ष घडवला. त्याच्या फांद्यांवर बदामाच्या फुलांसारख्या वाट्या होत्या, कळ्या होत्या, फुले होती. उजेड पडायला कळ्यांची गरज नसते. सुटका झालेल्या गुलामांच्या हाती देवाने पहिले मोठे काम दिले ते सुंदर वस्तू घडवण्याचे. माणसाला माणूसपण परत देण्याची ती देवाची रीत होती, असे मी मानतो.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातला देवही असाच आहे. तो निर्माण करतो, मग थांबून पाहतो आणि चांगले झाले म्हणून समाधान पावतो. ईयोबाच्या पुस्तकात तर हा आनंद ओसंडून वाहतो. सगळे गमावून बसलेला ईयोब देवाला जाब विचारतो. देव त्याला दुःखाची कारणमीमांसा सांगत नाही. तो बर्फाची भांडारे दाखवतो, पंख फडफडवणारी आणि घोड्यालाही मागे टाकणारी शहामृगी दाखवतो, माणूस वस्तीलाच नाही अशा वाळवंटावर पडणारा पाऊस दाखवतो. कुणी बघणारे नाही तिथे गवत उगवते, ते कुणासाठी? आपल्या सह्याद्रीत कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, अख्खा डोंगरउतार जांभळा करते आणि मरून जाते. कित्येक कडे असे आहेत की तिथे तो बहर पाहायला माणूस पोचतच नाही. तरी बहरात कसूर नसते.

पण कलावंत देव म्हणजे नुसता फुलापाखरांचा देव नव्हे. तेवढ्यावर श्रद्धा टिकत नाही. यिर्मया संदेष्ट्याला देव कुंभाराच्या घरी पाठवतो, तो प्रसंग मला यासाठी मोलाचा वाटतो. चाकावरचे भांडे कुंभाराच्या हातात बिघडते. कुंभार माती फेकून देत नाही. त्याच गोळ्याचे तो त्याच्या मनाला येईल तसे दुसरे भांडे करतो. आपल्याकडचा कुंभार काम करताना जवळून पाहावा. चाकावरून मडके दोरीने कापून उतरवले म्हणजे काम संपत नाही. ते थोडे सुकले की तो एका हाताने आतून गोटा लावतो आणि दुसऱ्या हाताने बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत त्याचे पोट वाढवतो. ठोका बसतो त्याच जागी आतून आधार असतो. आधार हलला तर मडके फुटेल आणि ठोकलेच नाही तर ते जाड आणि ओबडधोबड राहील. तेरच्या गोरोबाकाकांनी याच थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा मराठी माणसाला सांगायला नको.

आईच्या शेवटच्या आजारपणात मी यिर्मयाचा हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. दुखणे का आले, याचे उत्तर त्यात नाही. आतला हात मात्र तेव्हा जाणवला आणि तो खरा होता, असे मी आजही पूर्ण विश्वासाने सांगतो.

हाच देव नासरेथात सुतार झाला. गावकरी येशूला सुतार म्हणूनच ओळखत होते, असे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांना दिसला, तेव्हा हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. मृत्यूवर मात करणाऱ्याला ते व्रण पुसून टाकणे कठीण नव्हते. त्याने ते ठेवले. माझ्या लेखी ख्रिस्ती सौंदर्यदृष्टीचे मर्म या व्रणांत आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेला हे उमगले होते. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची कथा मराठी ओवीत गुंफली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडले नाही. फुलामुलांचा हा कवी रानातल्या फुलापुढे थांबतो तो निर्मात्याच्या ओढीने. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

चित्रकलेत मात्र आपण हात आखडता घेतला. अँजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातल्या सांत इस्तेव्ह इथे झाला. शांतिनिकेतनात ते अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि ख्रिस्ती विषय भारतीय रूपात रंगवू लागले. त्यांची मरिया साडी नेसते आणि तिची कांती आपल्या आयाबहिणींसारखी सावळी आहे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातील अनेक धर्मनिष्ठांना ते रुचले नाही. गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मरियेची सवय झालेल्यांना सावळी मरिया पवित्र वाटेना. फोन्सेकांनी गोवा सोडला. पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात ते राहिले आणि तिथे चित्रे काढत राहिले. १९६७ साली त्यांचे निधन झाले.

त्या विरोधाचे मला वाईट वाटते, कारण तो श्रद्धेलाच धरून नव्हता. ज्याने एकाच साच्यातून दोन पाने काढली नाहीत, त्याच्या आईला एकाच देशाचा चेहरा का असावा? गालील प्रांतातली ती यहुदी मुलगी युरोपीय तरी कुठे होती? फोन्सेका तिला साडी नेसवतात तेव्हा देव आपल्या घरात जन्माला आला, ही ख्रिस्ती श्रद्धेची मूळ गोष्टच ते रंगात सांगतात.

त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. नाताळात गोव्याला जाणाऱ्यांनी चौकशी करून तो जरूर पाहावा. आणि आपल्या चर्चच्या समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी वेदीमागच्या भिंतीसाठी कॅटलॉगमधली मूर्ती मागवण्याआधी आपल्याच गावातल्या चित्रकाराला, सुताराला, मूर्तिकाराला बोलावा. त्याला विषय द्या, वेळ द्या, मोकळीक द्या आणि कामाचा पुरेपूर मोबदला द्या.