खापर, तवा व साचा (पदार्थ न चिकटण्याची तंत्रे)

खापर, तवा व साचा : भाजलेला पदार्थ भांड्याच्या पृष्ठास चिकटू नये म्हणून पृष्ठ, पीठ व उष्णता या तिन्हींबाबत योजावयाचे उपाय. तेल वा तूप लावणे हा त्यांपैकी केवळ एक उपाय होय. खानदेशातील मांडा (खापरावरची पुरणपोळी) त्याशिवायही खापरावरून अलगद सुटतो, हे या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

चिकटण्याची कारणे : ओले पीठ सु. ६०° से.च्या पुढे तापले की, त्यातील स्टार्च पाणी शोषून फुगतो व खळीसारखा चिकट होतो. प्रथिनांचे रेणू उष्णतेने उलगडून धातूच्या पृष्ठाशी बंध निर्माण करतात. साखर व गूळ वितळून पृष्ठावरील सूक्ष्म खाचांत शिरतात आणि थंड होताना घट्ट होतात. पृष्ठ पुरेसे तापलेले असल्यास स्पर्शाच्या जागीच पाण्याची वाफ होऊन पीठ किंचित उचलले जाते व त्यावर कोरडा पापुद्रा धरतो. असा पापुद्रा सहसा चिकटत नाही. कोमट तव्यावर टाकलेली भाकरी चिकटते, ती याच कारणाने.

खापर : जळगाव व धुळे जिल्ह्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल-रावेर पट्ट्यातही, आखाजीला (अक्षय्य तृतीयेस) मांडे व आंब्याचा रस हे पक्वान्न असते. कुंभाराने घडविलेले रुंद, गोलसर खापर चुलीवर पालथे घालतात. ओलवून दळलेल्या गव्हाचे वस्त्रगाळ पीठ दीर्घकाळ मळून, तिंबून लवचिक करतात. त्यात पुरण भरून उंडा दोन्ही हातांवर फिरवीत, स्वतःच्या वजनाने ताणत वाढवितात आणि खापरावर पसरतात. माती सच्छिद्र असल्याने पापुद्र्याखालील दमटपणा काही अंशी शोषला जातो. तिची उष्णतावाहकता कमी असल्याने मांडा एकाएकी करपत नाही. पाण्याचा थेंब टाकून खापर तापल्याची परीक्षा करता येते. थेंब पसरून संथपणे सुकला, तर खापर अजून थंड आहे; तडतडत क्षणात उडाला, तर ते भाजण्याजोगे तापले आहे. तरीही मांडा फाटून पुरण बाहेर आले की, गूळ वा साखर जळून खापराला धरते आणि पुढचा मांडाही त्याच जागी अडकतो. म्हणून येथे खरे कौशल्य पीठ ताणण्याचे आहे. खापराचा दोष बहुधा नंतरचा.

मुक्ताबाईला मांड्यांसाठी खापर देऊ नये, अशी ताकीद विसोबा चाटी यांनी कुंभारांना दिली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने आपली पाठ तापवून तीवर मांडे भाजू दिले, अशी आख्यायिका आहे. ही कथा ऐतिहासिक मानली नाही, तरी खापर अडविले म्हणजे मांडाच अडला, ही समजूत तीत गृहीत धरलेली दिसते. मुक्ताबाईचे मंदिर जळगाव जिल्ह्यातच, मुक्ताईनगरनजीक कोथळी येथे आहे.

लोखंडी तवा : नव्या तव्यावर तेलाचा अत्यंत पातळ थर देऊन तो धुरावेपर्यंत तापविल्यास तेलाचे ऑक्सिडीभवन व बहुवारिकीकरण होऊन काळे, गुळगुळीत कवच तयार होते. ही क्रिया अनेकदा करावी लागते. थर जाड दिल्यास तो चिकट राहतो व पुढे पोपडे धरतो. चिंच, टोमॅटो यांसारखे आंबट पदार्थ शिजविल्यास किंवा तवा जोराने घासल्यास कवच निघून जाते. भाकरीस मात्र कवचापेक्षा आच अधिक महत्त्वाची. तव्यावर टाकल्यावर तिच्या वरच्या बाजूस पाणी फिरवितात व ते सुकू लागताच ती उलटतात. पाणी तसेच असताना उलटल्यास ओली बाजू तव्यास धरते. फार सुकू दिल्यास भाकरीला तडे जातात.

साचा : भट्टीतील केकचे पीठ पातळ असल्याने वाफेचा उपाय पुरत नाही. साच्यास तूप लावून त्यावर मैदा भुरभुरवितात व जादा मैदा झटकून टाकतात, किंवा तळाशी कागद घालतात. लोण्यातील पाणी व दुधाचे घन घटक चिकटण्यास वा करपण्यास कारण होतात. म्हणून तूप सरस ठरते. केक भट्टीतून काढल्यावर सु. दहा मिनिटे थांबून साच्याबाहेर काढावा. फार वेळ आत ठेवल्यास वाफ थिजून तळ ओला होतो. नानकटाईत तूप मुळातच भरपूर असल्याने पत्र्यास वेगळे तूप लावावे लागत नाही.

टेफ्लॉन : पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन या बहुवारिकाचा शोध रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये अनपेक्षितपणे लागला. त्याचा मुलामा दिलेल्या पृष्ठास जवळजवळ काहीच चिकटत नाही; पण सु. २६०° से.च्या वर तो खराब होऊ लागतो व अतितप्त झाल्यास विषारी धूर सोडतो, ज्याने पिंजऱ्यातील पक्षी दगावतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच हे तापमान ओलांडू शकतो. भाकरी व मांडे यांस नेमका असाच कोरडा, प्रखर ताप लागतो. त्यामुळे धिरडी, आंबोळ्या यांसाठी, मध्यम आचेवर, हा तवा सोयीचा असला, तरी भाकरीसाठी लोखंडाचा किंवा मातीचा तवा आणि मांड्यांसाठी खापर हेच योग्य होत.