विश्लेषण : पाणी स्वच्छ, तरी टाकीतील प्रवाळ का मरतात?

समुद्री मत्स्यटाकीतील पाणी आरशासारखे नितळ, मासे खेळते, दिवे सुरू. तरीही प्रवाळाची टोके पांढरी पडू लागतात. दुकानदार औषधाची बाटली हातात ठेवतो. अनेकदा दोष रोगाचा नसतो, पाण्याच्या रसायनाचा असतो. त्यातही एखादा आकडा थोडा चुकला यापेक्षा तो सतत वरखाली होत राहिला, हे प्रवाळाला जास्त बाधते.

पाणी उडते, मीठ राहते

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १०० लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर पाणी उडाले, तर आठवड्यात हे प्रमाण साडेसदतीस ग्रॅमच्या पुढे जाते. ही तूट खाऱ्या पाण्याने नव्हे, तर आरओच्या गोड्या पाण्याने आणि रोजच्या रोज भरायची. रविवारी एकदम सात लिटर ओतणे हा धक्काच असतो.

कोणता आकडा आधी घसरतो?

प्रवाळांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे शिंपल्यांच्याच पदार्थाचा. तो बांधताना ते पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही उचलतात. कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा ‘अल्कलिनिटी’च्या चाचणीत कळतो, तो डीकेएच या एककात मोजतात. नवखे लोक कॅल्शियमवर नजर ठेवतात, कारण ते नाव ओळखीचे.

हिशेब वेगळेच सांगतो. अल्कलिनिटी १ डीकेएचने कमी होते, तेव्हा कॅल्शियम लिटरमागे जेमतेम ७ मिलिग्रॅम खर्च होते. टाकीत कॅल्शियम ४२० असेल, तर ही घट दोन टक्केही नाही. अल्कलिनिटी मात्र ८ वरून ७ वर आली, म्हणजे साठ्याचा आठवा हिस्सा गेला. प्रवाळांची भरपूर वाढ असलेल्या टाकीत हे एका दिवसात घडू शकते. म्हणून वेळ एकाच चाचणीपुरता असेल, तर ती अल्कलिनिटीची करावी आणि रोज ठरावीक वेळीच करावी.

सोडा किती, चुना किती?

१०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला साधारण ३ ग्रॅम खायचा सोडा पुरतो. (बेकिंग पावडर नव्हे.) घसरण मोठी असली, तरी एका दिवसात १ डीकेएचहून जास्त भर घालू नये. घाबरून एकदम केलेली दुरुस्तीच प्रवाळाची कातडी सोलवटून काढते. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा एकाच भांड्यात कालवू नयेत. पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

जगभरचे शौकीन वापरतात तो आणखी एक उपाय आपल्या ओळखीचा आहे : चुन्याची निवळी. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही मिळतात. तिचा पीएच १२ च्या वर असल्याने ती थेंबथेंबच सोडायची, शक्यतो रात्री. पानाचा चुना मात्र नको; त्यात आणखी काय मिसळले आहे, याचा भरवसा नसतो.

बंद खोलीचा घोळ

रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, त्यामुळे पहाटे पीएच सर्वांत खाली असतो. एसी लावलेल्या बंद खोलीत माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरून तो आणखी खाली नेतो. अमेरिकेतील ॲरिझोनात १९९१ मध्ये आठ माणसांसह बंद केलेल्या ‘बायोस्फिअर-२’ या काचेच्या वास्तूत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे सुमारे २६ लाख लिटरचा प्रवाळांसह कृत्रिम समुद्र होता. मातीतील सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने हवेत वायू साठला आणि समुद्राचा पीएच सावरण्यासाठी त्यात सोड्यासारखी रसायने घालावी लागली. त्यांना खिडकी उघडण्याची सोय नव्हती. आपल्याला ती आहे.

पीएच कमी दिसला की सोडा घालणारे इथेच फसतात. अल्कलिनिटी १२-१३ वर जाते आणि पीएच जवळपास तिथेच राहतो. आधी खिडकी उघडून तासाभराने पुन्हा मोजावे. फरक पडला, तर प्रोटीन स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर सोडावी.

प्रवाळ आणायचे कुठून?

मालवणच्या खडकांवरून तर नाहीच. भारतीय समुद्रातील खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; ते तोडून आणणे हा वाघाच्या शिकारीच्याच अनुसूचीतला गुन्हा आहे. विक्रेत्याकडून घेताना प्रवाळ कुठून आला, याची कागदपत्रे मागून घ्यावीत.