कोल्हापूरचा पोरगा, पुण्याचा क्लब

अनिकेत जाधव. जन्म २०००, कोल्हापूर. खेळतो आघाडीला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या नावांनी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे संघ उतरतात, त्या गावचा हा पोरगा. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा. आणि मध्येच, २०१९ मध्ये, इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सराव. तिथल्या मुख्य संघातून सामना खेळायला मात्र मिळाला नाही.

रोव्हर्स म्हणजे कुणी लहानसहान नव्हे. १८७५ ची स्थापना, तीनदा इंग्लंडचे विजेते. शेवटचं विजेतेपद १९९५ चं, ॲलन शिअररच्या गोलांवर. नोव्हेंबर २०१० पासून मालकी पुण्याच्या ‘वेंकीज’ची. होय, कोंबडीवाले वेंकीज! ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्सचा संघ बालेवाडीत येऊन पुणे एफसीला ३-० ने हरवून गेला.

तिकडे प्रेक्षक मात्र मालकांवर खवळलेले होते. ७ मे २०१२ ला विगानविरुद्धच्या सामन्यात क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडण्यात आली. रोव्हर्स ०-१ ने हरले आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडले.