अधिकारापुरती किल्ली

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. परंतु मूठ जन्मभर झाकून कोणाचेच चालत नाही. दुखणे वैद्याला सांगावे लागते, व्यवहार वकिलापुढे मांडावा लागतो. एकापुढे उघडलेली मूठ दुसऱ्यापुढे झाकलेली कशी ठेवावी, हाच खरा प्रश्न आहे. आज आपले कागद संगणकात गेले असून त्यांचा साठा पुष्कळदा गावापासून दूर, परक्याच्या ताब्यात असतो. अशा वेळी गणितशास्त्र आपल्या मदतीस कसे येते, ते या लेखात पाहू.

गुप्त लेखन मराठीला नवे नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ अनेक शतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर येते. ही अदलाबदल ज्याला ठाऊक, त्याला सारे भांडार खुले. ज्याला ठाऊक नाही, त्याला सारेच बंद. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि ते वाङ्मय अभ्यासकांपुढे येण्याची वाट मोकळी झाली. किल्ली एकच असली की असे होते: एक तर सगळे मिळते, नाही तर काहीच नाही.

आता आपल्या परिसरातील एक उदाहरण कल्पू. पेडणे तालुक्यातील एका रुग्णाची नोंद संगणकात आहे. रोगाचे निदान पेडण्याच्या डॉक्टरांनी वाचावे. रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठविल्यास तेथील डॉक्टरांनाही ते वाचता यावे. औषधे देणाऱ्याला केवळ औषधांची नावे दिसावीत. कारकुनाला नाव आणि तारीख एवढेच कळावे. प्रत्येकासाठी निराळी नक्कल करून निराळे कुलूप घालावे, तर माणसांची बदली झाली की कुलपे बदलत बसावे लागेल. सर्वांना एकच किल्ली द्यावी, तर गुप्तता ती कसली?

या पेचातून बाहेर पडण्याची दिशा २००५ साली अमित सहाय आणि ब्रेंट वॉटर्स या संशोधकांनी दाखविली. २००७ साली जॉन बेथनकोर्ट यांच्यासह त्यांनी कुलपातच अट गोवण्याची रीत मांडली. या रीतीत कुलूप कोणा व्यक्तीच्या नावाने घातले जात नाही. 'वाचणारा डॉक्टर असावा, आणि तो पेडण्याचा किंवा बांबोळीचा असावा' ही अटच कुलपात असते. व्यक्तीच्या किल्लीत तिचे गुण असतात. दोहोंचा मेळ बसला तरच कुलूप उघडते.

अट गणितात गोवायची कशी? याचे मूळ इस्रायली गणितज्ञ आदी शामीर यांनी १९७९ साली मांडलेल्या एका सोप्या कल्पनेत आहे. भूमितीत आपण शिकतो की दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. ती रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते, तेथील संख्या हे आपले गुपित समजा. एकच बिंदू हाती असेल, तर त्यातून असंख्य रेषा जातात आणि गुपित मुळीच कळत नाही. दुसरा बिंदू मिळाला की रेषा निश्चित होते. 'डॉक्टर' हा एक बिंदू आणि 'पेडणे' हा दुसरा, असे मानले की अटीतील 'आणि' या शब्दाचे काम भूमिती करते. 'बांबोळी' या गुणालाही तोच दुसरा बिंदू दिला की 'किंवा' साधते.

येथे एक शंका उभी राहते. पेडण्याचा कारकून आणि डिचोलीचा डॉक्टर यांनी संगनमत केले तर? एकाजवळ 'पेडणे' आहे, दुसऱ्याजवळ 'डॉक्टर'. परंतु प्रत्येकाची किल्ली घडविताना तीत त्याची स्वतःची एक यदृच्छ संख्या मिसळलेली असते. म्हणून एकाचा बिंदू दुसऱ्याच्या रेषेवर बसत नाही आणि दोघे मिळूनही बाहेरच राहतात. या योजनेचे मर्म येथेच आहे.

दुसरा प्रश्न शोधाचा. पावसाळ्यात हिवतापाचे रुग्ण कोणते, हे डॉक्टरांना पाहायचे आहे, पण नोंदी कुलपात आहेत. शोधासाठी कुलूप काढावे, तर साठा सांभाळणाराही सारे वाचील. २००० साली डॉन साँग, डेव्हिड वॅग्नर आणि एड्रियन पेरिग यांनी यावर तोड सुचविली. डॉक्टर आपल्या किल्लीने 'हिवताप' या शब्दाची एक सांकेतिक चिठ्ठी करतात. साठा सांभाळणारा ती प्रत्येक नोंदीशी गणिताने पडताळून जुळणाऱ्या नोंदी तशाच बंद स्थितीत परत करतो. शब्द कोणता, हे त्याला उमगत नाही.

तथापि ही विद्या निर्दोष नाही. तीच चिठ्ठी श्रावणात वारंवार येऊ लागली, तर चतुर राखणदार शब्दाचा तर्क करू शकेल. नोकरी सोडून गेलेल्याची किल्ली निकामी करणे कठीण असते. शिवाय सर्व किल्ल्या घडविणारा जो कोणी असेल, त्याच्या सचोटीवर सारा डोलारा उभा असतो.

आणखी एक विवेक हवा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. म्हणून रुग्णाची नोंद झाकलेलीच हवी. परंतु जमिनीचा नमुना १ व १४ उघडा असण्यातच हित आहे. बनावट कागदांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी गोवा शासनाला २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले. आपल्या जमिनीवर कोणाचे नाव चढले, हे शेतकऱ्याला सहज पाहता आले, तरच तो वेळीच हरकत घेईल.

गणित उत्तम कुलूप घडवून देते. कोणत्या दाराला ते लावावे आणि किल्ली कोणाच्या हाती द्यावी, हे मात्र ते सांगत नाही. तो निर्णय सुजाण नागरिकांचा आहे, आणि विद्यार्थिमित्रहो, उद्याचे नागरिक तुम्हीच आहात.