लोकसंख्या : एक

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, साउथ डकोटाच्या सीमेपासून जवळच, मोनोवाय नावाचे खेडे आहे. २०१० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या 'एक' अशी नोंदली गेली. स्वतंत्र स्थानिक प्रशासन असलेले, पण एकच रहिवासी उरलेले गाव म्हणून ते जगभर कुतूहलाचा विषय ठरले. ही नोंद गमतीची वाटली, तरी उत्तर अमेरिकेतील 'प्रेअरी' या विस्तीर्ण गवताळ मैदानावरील असंख्य खेड्यांची कहाणी तिच्यात सामावलेली आहे.

ही खेडी शतकानुशतके हळूहळू वाढत गेलेली नाहीत. मूळच्या आदिवासी जमातींना हटवून मिळवलेल्या या भूमीवर ती थोड्या काळात वसवली गेली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास नाममात्र शुल्कात १६० एकरांची मालकी मिळू लागली. पाठोपाठ रेल्वे आली. धान्याची घोडागाडी स्थानकावर नेऊन शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावे, अशा बेताच्या अंतराने स्थानके उभी राहिली. प्रत्येक स्थानकाभोवती धान्याचे कोठार, दुकाने, शाळा आणि चर्च आले. मोनोवायही १९०२ च्या सुमारास रेल्वेमुळेच वसले. १९३० च्या दशकात, म्हणजे भरभराटीच्या काळात, तेथे सुमारे दीडशे लोक राहत होते.

घोडागाडीच्या हिशेबाने आखलेली ही रचना मोटारट्रक येताच निरर्थक ठरली. शेतकरी अधिक दूरच्या, मोठ्या बाजारपेठेकडे जाऊ लागला. ट्रॅक्टर आणि कापणी-मळणी यंत्रांमुळे एकच कुटुंब पूर्वीच्या अनेक कुटुंबांएवढी जमीन कसू लागले. २०१७ च्या कृषिगणनेनुसार नेब्रास्कातील शेताचे सरासरी क्षेत्र ९७१ एकर होते. म्हणजे होमस्टेडच्या सहापट. शेती टिकली, पण तिला लागणारी माणसे कमी झाली. मोनोवाय ज्या बॉइड काउंटीत येते, तेथे १९१० मध्ये आठ हजारांहून अधिक लोक होते. २०२० मध्ये दोन हजारही उरले नव्हते.

माणसे घटली की सोयी बंद होतात आणि सोयी बंद झाल्या की उरलेली तरुण कुटुंबेही निघून जातात. मोनोवायमध्ये १९६७ ते १९७० या काळात टपाल कार्यालय आणि शेवटची किराणा दुकाने बंद झाली. १९७४ मध्ये शाळाही बंद पडली. २००० च्या जनगणनेत एल्सी आणि रुडी आयलर हे एकच दांपत्य उरले होते. २००४ मध्ये रुडी यांचे निधन झाले.

त्यानंतर मेयर, लिपिक आणि खजिनदार ही सारी पदे एल्सी यांच्याकडेच आली. त्या चालवत असलेल्या उपाहारगृहाच्या मद्यपरवान्याचा अर्ज त्याच करीत आणि गावच्या वतीने त्यावर सहीही त्याच करीत. पथदिवे आणि पाणी यांसाठी लागणारा कर त्या स्वतःलाच भरत. पतीने जमवलेल्या सुमारे ५,००० पुस्तकांचे छोटे ग्रंथालयही त्यांनी सुरू केले. उपाहारगृहात मात्र एकटेपणा नव्हता. आसपासच्या शेतांवरील आणि गावांतील लोक तेथे नेमाने जेवायला व गप्पा मारायला येत. गाव रिकामे झाले, तरी परिसराची भेटण्याची जागा म्हणून त्याचा उपयोग उरला होता.

२०२० च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या 'दोन' दाखवली गेली. प्रत्यक्षात कोणी नवा रहिवासी आला नव्हता. व्यक्तीची माहिती गुप्त राहावी, यासाठी अमेरिकेचा जनगणना विभाग छोट्या प्रदेशांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर किंचित फेरफार करतो. राज्याची एकूण लोकसंख्या मात्र अचूक ठेवली जाते. मोठ्या शहरात असा फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही. इथे मात्र गावची आकडेवारी म्हणजे एकाच व्यक्तीची माहिती होती आणि ती झाकण्यासाठी कागदोपत्री गावाची लोकसंख्या दुप्पट झाली.