कादंबरीचा दुसरा खर्डा

गिरगावातील फणसवाडी आज बालाजी मंदिरासाठी ओळखली जाते. एकेकाळी मात्र या वाडीपासून पायी निघालेल्या माणसाला थोड्याच वेळात मराठी पुस्तकाच्या जन्माची बहुतेक स्थळे पाहता येत. एका अंगाला काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेला निर्णयसागर छापखाना. दुसऱ्या अंगाला ठाकूरद्वारचे मराठी ग्रंथसंग्रहालय, केळेवाडीतला साहित्य संघ, मॅजेस्टिकचे पुस्तकांचे दुकान आणि खटाववाडीतील ‘मौज’. या परिसराने मराठीला पुस्तके दिली, हे सर्वश्रुत आहे. त्याने लेखकांना त्यांची हस्तलिखिते परतही केली, ही गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात ‘सत्यकथा’ मासिकाकडून आणि ‘मौज’कडून लेखन परत येई, तेव्हा त्यासोबत पुष्कळदा तपशीलवार पत्र असे. कोणते पात्र नुसतेच वावरते, शेवट कोठे घाईने उरकला आहे, कोणता परिच्छेद लेखकाच्या हौसेखातर राहिला आहे, हे त्यात लिहिलेले असे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. श्री. पु. २००७ मध्ये आणि पटवर्धन २०१४ मध्ये निवर्तले.

त्या पत्रांइतकेच आणखी एक साधन लेखकाच्या हातून गेले आहे, आणि त्याची नोंद कोणी घेत नाही. ते म्हणजे हाताने करायची मुद्रणप्रत. खिळे जुळवून छपाई होत असे, तेव्हा जुळाऱ्याला वाचता येईल अशी स्वच्छ प्रत देणे लेखकाला भाग होते. एकदा मजकूर जुळला की गॅलीतली प्रत्येक मोठी दुरुस्ती खर्चाची ठरे. त्यामुळे तीनशे पानांची कादंबरी पुन्हा एकदा, ओळीमागून ओळ, लेखकाच्या बोटांखालून जात असे. कंटाळवाणे वाक्य दुसऱ्यांदा लिहिताना हात आपोआप थांबतो. संगणकाने हे कष्ट वाचवले, पण त्याबरोबर हे थांबणेही संपले. पडद्यावर लेखक खटकलेले वाक्य तेवढे बदलतो. न खटकलेली, पण निर्जीव असलेली चाळीस पाने जशीच्या तशी राहतात. त्यातच आज अनेक पहिल्या कादंबऱ्या लेखकाच्याच खर्चाने निघतात आणि छापण्यापूर्वी त्या कोणी चिकित्सकपणे वाचलेल्या नसतात. संपादकाचे काम लेखकाला स्वतःच करावे लागते, म्हणून ते कसे करतात हे समजून घेणे आवश्यक ठरते.

उदाहरणादाखल फणसवाडीतल्या एका चाळीची कादंबरी कल्पूया. काळ १९५५ ते १९६६. कारकून वडील, शिवणकाम करणारी आई, कर्जात बुडालेला काका आणि हे सारे सांगणारा मुलगा. पहिला खर्डा झाला आहे. आता पहिले काम म्हणजे तो काही आठवडे न उघडणे. नुकतेच लिहिलेले लेखक वाचत नाही, आठवतो. कागदावर जे उतरलेच नाही, तेही त्याला दिसत राहते. विसर पडू लागला की सगळे छापून घ्यावे आणि हातात लेखणी न घेता शक्य तितक्या सलग वाचावे. पहिल्याच पानावर शब्द सुधारायला बसणारा माणूस कादंबरीचा आकार कधीच पाहत नाही.

त्यानंतर प्रत्येक प्रकरणासाठी वेगळ्या कागदावर एकच ओळ लिहावी: या प्रकरणानंतर काय बदलले? काकाने आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या, हा बदल झाला. परंतु सार्वजनिक नळावरची भांडणे, गणपतीची आरास, गच्चीवरची कोजागरी ही तीन प्रकरणे झाली आणि कोणाचेच काही बदलले नाही, असे आढळले तर तेथे कादंबरी थांबून आठवणी सुरू झाल्या आहेत. चाळीवर लिहिणाऱ्याला हा मोह हमखास होतो. त्यातून पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ पासून मराठी वाचकाच्या कानात बसलेली आहे. विक्षिप्त शेजारी दाराशी आला की तो तिथूनच आल्यासारखा वाटतो. आरास ठेवायची असेल तर वर्गणीच्या हिशेबातच काकाची अफरातफर उघडकीला यावी. प्रकरण तेच राहते, पण त्याला कादंबरीत काम मिळते.

यानंतरचा प्रश्न निवेदकाचा, आणि बहुतेक खर्डे येथेच फुटतात. मुलगा दहा वर्षांचा असेल तर सावकार आणि काका यांच्यातले बंद दाराआडचे बोलणे तो कसे सांगेल? वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून कथा सांगितली. एकाला जे कळत नाही ते दुसऱ्याकडून कळते आणि त्या तफावतीतच कादंबरीचा ताण आहे. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) चक्रधर विध्वंस स्वतः बोलतो आणि सारे जग एका बोटीएवढे होते. हॅर्टा नंतर उरते ती पत्रांमधून. निवेदकाची मर्यादा लपवण्याऐवजी तिचा उपयोग करून घेतला, की केवढे साधते हे या छोट्या कादंबरीत दिसते. आपल्या मुलाने दाराआडचे बोलणे ऐकूच नये. त्याला सावकाराची छत्री तेवढी दिसावी, आणि आईने त्या दिवशी चहाला साखर घातली नव्हती हे आठवावे. पुनर्लेखनात अशी एक जागा सापडली की तिच्या उजेडात मागची दहा पाने बदलावी लागतात. ते टाळू नये.

काळाचा तक्ता हे रूक्ष, परंतु अटळ काम आहे. कोणत्या वर्षी कोण किती वर्षांचा, हे एका कागदावर मांडले की आईचे वय दोन प्रकरणांत चार वर्षांनी कमी झाल्याचे ध्यानात येते. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’सारख्या (१९८७) पिढ्यान्‌पिढ्यांच्या कादंबरीत तर अशा मांडणीवाचून पाऊल टाकणे कठीण. आपला काका १९६६ साली बोरीबंदरहून ट्रामने दादरला जात असेल तर ते चूक आहे, कारण मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. ‘आणे’ मात्र लोकांच्या तोंडून पुढे कितीतरी वर्षे गेले नाहीत. म्हणजे १९६५ मध्ये आई ‘चार आणे’ म्हणाली तर ते योग्यच, पण दुकानदाराच्या त्या सालच्या वहीत आणे-पैचा हिशेब दिसला तर जाणकार वाचक पुस्तक खाली ठेवील. आणखी एक गोष्ट. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे गोळीबारात मरत असताना गिरगावातल्या या कुटुंबात त्याचा उच्चारही होत नसेल, तर ते मौन लेखकाने ठरवून ठेवलेले असले पाहिजे, विसरून राहिलेले नव्हे.

संवाद मोठ्याने वाचावेत. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्ये ओरडून तपासत असे. चाळीत तेवढे करता येणार नाही, पण पुटपुटले तरी पुरे. गिरगावात कोकणातून आलेली कुटुंबे, सारस्वत, पाठारे प्रभू, गुजराती व्यापारी, खोताच्या वाडीतले ख्रिस्ती असे सारे शेजारी होते. पहिल्या खर्ड्यात मात्र सगळे बहुधा लेखकाचीच प्रमाण मराठी बोलतात. येथे संस्काराचा एक धोकाही सांगितला पाहिजे. १९६९ मध्ये अनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. साहित्याची एकच घोटीव अभिरुची सर्वांवर लादली जाते, हा त्यांचा राग होता आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. पुनर्लेखन करता करता खडबडीत, जिवंत वाक्ये गुळगुळीत होतात. म्हणून दुरुस्ती करताना जुना खर्डा फेकू नये. सुधारलेले वाक्य त्याच्याशेजारी ठेवून पाहावे आणि अनेकदा जुनेच परत घ्यावे.

भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ (१९६३) अवघ्या काही दिवसांत लिहिली, ही हकीकत नवलेखकांना फार प्रिय आहे. तिच्यावरून पुनर्लेखन अनावश्यक ठरवणे सोयीचे असले तरी योग्य नाही. पांडुरंग सांगवीकरचा आवाज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ढळत नाही. असा आवाज आधीच सापडलेला असेल त्यानेच त्या वेगाची बरोबरी करावी. ह. ना. आपटे यांची परिस्थिती वेगळी होती. १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत. पुढचे प्रकरण लिहिताना मागचे वाचकांच्या घरी पोहोचलेले असे. त्यांच्यापाशी नसलेली सवड आजच्या लेखकापाशी आहे.

खर्डा दुसऱ्याला वाचायला द्यायचा तो या टप्प्यावर, आणि ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘छान’ असेच येते. वाचताना कोठे थांबलात, कोणते पात्र कोण हे आठवेना, कोणती पाने चाळली, एवढेच विचारावे. वाचकाने सुचवलेला उपाय बहुधा चुकीचा असतो, पण त्याने दाखवलेली जागा सहसा चुकीची नसते. तीन वाचक एकाच पानावर अडखळले तर तेथे वाद घालू नये.

शुद्धलेखन सर्वांत शेवटी. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार असे एकूण अठरा नियम आहेत, आणि ते पाळले पाहिजेत. पण कोजागरीच्या प्रकरणातील ऱ्हस्वदीर्घ आठवडाभर खपून निर्दोष केले, की ते प्रकरण काढून टाकायला लेखकाचा हात धजत नाही.