रक्तशर्करेचे दोन आकडे आणि चिकित्सकाचा निर्णय

मधुमेहाचा रुग्ण आज चिकित्सालयात येतो तो बहुधा प्रयोगशाळेचा कागद हाती घेऊनच. त्यावर दोन आकडे असतात : एक उपाशीपोटीचा, दुसरा जेवणानंतरचा. आचार्यांनी प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले ते प्रामुख्याने मूत्राच्या परीक्षणावरून. रक्तशर्करेचे मापन ही त्या परीक्षणास मिळालेली मोलाची जोड होय. परंतु आकडा कोणत्या परिस्थितीत घेतला गेला हे न पाहता औषधाची मात्रा बदलल्यास रुग्णाला गंभीर अपाय संभवतो.

दोन आकड्यांचा अर्थ

उपाशीपोटीची शर्करा किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही न घेता मोजतात. रात्रभर रक्तात येणारी शर्करा मुख्यतः यकृतातून येते व इन्सुलिन तिला आवर घालते. हा आवर सैल पडला की सकाळचा आकडा चढतो. पहाटे वाढणारी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकेही त्यास हातभार लावतात. म्हणूनच रात्री हलका आहार घेऊनही सकाळी साखर वाढलेली आढळते.

जेवणानंतरचा आकडा आहारातील पिष्टमय पदार्थ, जठर रिकामे होण्याचा वेग आणि इन्सुलिन स्रवण्याची तत्परता यांवर अवलंबून असतो. व्याधीच्या प्रारंभी अनेकांत हाच आकडा आधी वाढतो. केवळ उपाशीपोटी तपासणी केल्यास असे रुग्ण निसटतात.

उपाशीपोटी १०० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरपेक्षा कमी शर्करा प्राकृत मानतात. १२६ वा अधिक असल्यास मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी १४० पेक्षा कमी प्राकृत, २०० वा अधिक म्हणजे मधुमेह. लक्षणे नसल्यास निदान एकाच चाचणीवर करू नये. उपचार चालू असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० पेक्षा कमी हे उद्दिष्ट ठेवतात. वृद्धांत ते शिथिल, तर गर्भिणीत अधिक कडक असते.

'उपाशी' आणि 'उपवास'

आपल्याकडे या दोन शब्दांची गल्लत नित्याची आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्लेला रुग्णही ''उपवास आहे'' असेच सांगतो. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट असल्याने त्यानंतरचा आकडा उपाशीपोटीचा ठरत नाही. आपल्या औषधांबाबतही हीच दक्षता हवी. पहाटे मधाच्या अनुपानाने घेतलेले चूर्ण, साखरेच्या पाकातील अवलेह, गूळयुक्त आसवारिष्टे यांतून शर्करा पोटात जातेच. नमुना दिल्यानंतरच ती घ्यावीत, असे रुग्णास स्पष्ट सांगावे.

जेवणानंतरचा आकडा कमी आल्यास

उपाशीपोटी १५० आणि जेवणानंतर १३५ असा अहवाल पाहून प्रयोगशाळेची चूक झाली, असा तर्क केला जातो. प्रत्यक्षात पहाटेची संप्रेरकवाढ ओसरणे, मधल्या वेळात सकाळची गोळी घेणे, चहा-बिस्किटांवर भागवणे, चालून येणे किंवा दोनऐवजी तीन तासांनी नमुना देणे यांपैकी एखादे कारण असते. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. आहार नेहमीचाच असावा आणि औषधही नेहमीप्रमाणे घेतलेले असावे. अन्यथा उपचाराचा परिणाम कळत नाही.

मात्रा बदलण्यापूर्वी

खरा धोका येथे आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाचा एकच चढा आकडा पाहून गुडमारासारखे शर्करा उतरवणारे द्रव्य जोडले व आहारही घटवला, तर शर्करा ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, कंप, हृदयाची धडधड, भ्रम ही लक्षणे दिसताच १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. अकार्बोज वा व्होग्लिबोज घेणाऱ्यास साखर न देता ग्लुकोजच द्यावे, कारण या औषधांमुळे साखरेचे पचन मंदावते. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही न घालता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

चरकाचार्यांनी स्थूल व कृश प्रमेहींची चिकित्सा भिन्न सांगितली आहे. कृशास बृंहण विहित आहे. कृश रुग्णाचा वाढलेला आकडा पाहून त्यास लंघन देणे शास्त्रविरुद्ध तर आहेच, शिवाय असा रुग्ण इन्सुलिनवर जगणारा असू शकतो. त्याचे इन्सुलिन कधीही बंद करू नये. चालू औषधांत बदल करायचा तो ती देणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय करूनच.

औषधविक्रेत्यांसाठी

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत पाहावी. डबीचे झाकण घट्ट लावण्यास ग्राहकास सांगावे, कारण दमट हवेने पट्ट्या बिघडतात. हात धुऊन कोरडे करूनच थेंब घ्यावा. बोटाला लागलेला फळाचा रसही आकडा वाढवतो. जेवणानंतर बोटातील रक्ताची शर्करा शिरेतील रक्तापेक्षा अधिक असते. शिवाय प्रचलित मानकानुसार १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य धरतात. त्यामुळे घरचा १६० आणि प्रयोगशाळेचा १४५ यांत विसंगती नाही.

प्रत्येक रुग्णास एक वही ठेवण्यास सांगावे. तीत आकड्याशेजारी वेळ, आहार, औषध व श्रम यांची नोंद असावी. अशा दोन आठवड्यांच्या नोंदी आणि तीन महिन्यांची सरासरी दर्शवणारी एचबीए१सी चाचणी एकत्र पाहूनच मात्रेचा निर्णय घ्यावा.